जुन्या संगणकाला जुळणारी स्मृति

घरांतील संगणक आठ-दहा वर्षांचा झाला म्हणजे बहुधा एक अवस्था येते. यंत्र बिघडलेलें नसतें; पडदा स्वच्छ दिसतो, कळफलक चालतो, आंतील पंखाहि फिरत असतो; पण एखादें पत्र उघडावयाचें म्हटलें कीं चहा करून होईपर्यंत वाट पाहावी लागते. जाणता मनुष्य पाहून सांगतो कीं, यंत्राची स्मृति तोकडी पडते आहे, तीत भर घाला. गृहस्थ बाजारांत जातात, मिळेल ती सर्वांत नवी व वेगवान पट्टी विकत आणतात, आणि घरीं येऊन पाहतात तों ती मदरबोर्डावरील खोबणींत बसतच नाहीं. कधीं कधीं याहूनहि चमत्कारिक प्रकार होतो. पट्टी नीट बसते, पण यंत्र मात्र सुरू होत नाहीं.

अशा वेळीं दुकानदारानें फसविलें असें वाटणें साहजिक आहे. परंतु पुष्कळदां दोष कोणाचाच नसतो. यंत्र एका काळाचें आणि पट्टी दुसऱ्या काळाची, एवढेंच घडलेलें असतें. संगणकाच्या स्मृतीला पिढ्या आहेत, आणि प्रत्येक पिढीची खूण त्या पट्टीच्या कडेला एका लहानशा खांचेच्या रूपानें कोरलेली असते. ही खांच कोणीं ठरविली, केव्हां ठरविली व ती वारंवार कां बदलली, हें समजलें म्हणजे स्मृतीची निवड हा अंदाजाचा खेळ राहत नाहीं. म्हणून आज मी हा इतिहास थोडक्यांत सांगणार आहें. व्यवहाराचे नियम त्याच्याच ओघांत येतील.

आरंभीं एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. येथें स्मृति म्हणजे ज्याला आपण रॅम म्हणतों ती. हार्ड डिस्क हें संगणकाचें कोठीघर, तर रॅम हा स्वयंपाकाचा ओटा. कोठीघरांत धान्य कितीहि असलें तरी शिजवितांना ओट्यावर मावेल तेवढेंच हाताशीं घेतां येतें. ओटा लहान असला तर दर दोन मिनिटांनीं कोठीघरांत फेऱ्या घालाव्या लागतात, आणि स्वयंपाकाला उशीर होतो. जुनें यंत्र मंद वाटतें तें पुष्कळ अंशीं या फेऱ्यांमुळें.

पहिल्या संगणकांच्या काळीं जुळणाऱ्या स्मृतीचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र व त्याची स्मृति हीं एकाच हातांनीं घडविलेलीं असत. १९५३ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत ‘व्हर्लविंड’ या यंत्राला जे फॉरेस्टर यांच्या मंडळीनें चुंबकीय कड्यांची स्मृति बसविली. फेराइट नांवाच्या द्रव्याचीं बारीक कडीं तारांत ओवावयाचीं, आणि प्रत्येक कड्याच्या चुंबकत्वाच्या दिशेवरून शून्य कीं एक हें ओळखावयाचें, अशी ती रचना होती. आपल्या मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें घडविलेला व १९६० मध्यें कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणकहि याच जातीचा होता. त्याच्या स्मृतींत प्रत्येकीं ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. म्हणजे आजच्या हिशेबानें सुमारें दहा हजार बाइट. आजच्या पद्धतीनें साठविला तर या भाषणाचा मजकूरहि तींत मावणार नाहीं. अशी स्मृति बाजारांतून आणून दुसऱ्या यंत्राला लावण्याची कल्पनाहि कोणाच्या मनांत येणें शक्य नव्हतें.

ही स्थिति बदलली ती एका अगदीं साध्या कल्पनेमुळें. १९६६ मध्यें आय. बी. एम. कंपनीचे संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांना असें सुचलें कीं, एक ट्रान्झिस्टर व विद्युद्भार सांठविणारें एक इवलेंसें भांडें, एवढ्यावर एक बिट लक्षांत ठेवतां येईल. १९६८ मध्यें त्यांस याचें पेटंट मिळालें. यांत अडचण एकच होती. तें भांडें गळकें असतें. त्यांतील भार क्षणार्धांत ओसरूं लागतो, आणि म्हणून तो एका सेकंदांत कित्येक वेळां पुन्हां भरावा लागतो. पण भांडें इतकें लहान व स्वस्त होतें कीं ही कटकट पत्करणें परवडलें. १९७० मध्यें इंटेल कंपनीनें भार सांठवून तो पुन्हां पुन्हां भरण्याच्या तत्त्वावर १०२४ बिटांची ‘११०३’ ही चिप विक्रीस काढली, आणि त्यानंतर कांहीं वर्षांतच कड्यांची स्मृति मागें पडली. आज आपल्या घरच्या संगणकांत जी स्मृति आहे ती डेनार्ड यांच्याच कल्पनेची संतति होय.

स्मृति आतां बाजारांत मिळूं लागली. पण ती लावावयाची कशी? ऑगस्ट १९८१ मध्यें आय. बी. एम. नें आपला प्रसिद्ध ‘पर्सनल कॉम्प्युटर’ आणला तेव्हां त्यांत कमींत कमी १६ किलोबाइट स्मृति असे. ती वाढवावयाची तर नऊ नऊ सुट्या चिपा एकामागून एक अंगठ्यानें दाबून बसवाव्या लागत. त्यांपैकीं आठ मजकुरासाठीं व नववी चूक ओळखण्यासाठीं. चिपेचा एखादा पाय वांकला कीं सारा खटाटोप व्यर्थ जाई. शिवाय यंत्र तापतां-निवतां चिपा हळूहळू आपल्या जागेवरून वर सरकत, आणि कांहीं महिन्यांनीं कारण न कळतां संगणक बंद पडे.

यावरचा उपाय वँग लॅबोरेटरीज या अमेरिकन कंपनींत १९८३ च्या सुमारास निघाला. तेथें त्या नऊ चिपा एका लहानशा पट्टीवर कायमच्या डांखून टाकण्यांत आल्या व पट्टीच्या कडेला तीस संपर्कबिंदु ठेवले, ज्यांना बाजारांत पिना म्हणतात. हीच ‘सिम’ नांवाची पट्टी. मोबाइलच्या सिमकार्डाशीं हिचा कांहीं संबंध नाहीं. या पट्टीबरोबरच जुळणीचा पहिला नियम जन्मास आला. तीस पिनांची पट्टी एका वेळीं आठच बिट देऊं शके. ‘४८६’ जातीच्या प्रोसेसरला मात्र एका घांसाला बत्तीस बिट लागत. म्हणून चार सारख्या पट्ट्या एकदम बसविल्याशिवाय यंत्र चालत नसे. पुढें ७२ पिनांची, बत्तीस बिट देणारी पट्टी आली, तेव्हां ‘४८६’ला एक पुरूं लागली, पण १९९३ मध्यें चौसष्ट बिटांचा पेंटियम आला व पुन्हां दोन पट्ट्यांची जोडी लागूं लागली. अखेर १६८ पिनांच्या ‘डिम’ पट्टीनें चौसष्ट बिट एकटीनेंच दिले, आणि एकेक पट्टी घेण्याची मोकळीक मिळाली. पुढच्या काळांतल्या बहुतेक घरगुती यंत्रांत दोन सारख्या पट्ट्या ठरलेल्या खोबणींत घातल्या तर काम अधिक जलद होतें. पण तें आतां सक्तीचें नाहीं, सोयीचें आहे.

एका कारखान्याची पट्टी दुसऱ्याच्या यंत्रांत चालावी, यासाठीं कोणीतरी मापें ठरवावीं लागतात. हें काम ‘जेडेक’ नांवाची संस्था करते. १९५८ पासून या नांवाखालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या या संस्थेंत एकमेकांचे प्रतिस्पर्धी कारखानदार एका मेजाभोंवतीं बसतात, आणि पिना किती, विद्युद्दाब किती, खांच कोठें, हें एकमतानें लिहून ठेवतात. ग्राहकाला या संस्थेचें नांवहि ठाऊक नसतें. पण तो जी पट्टी विकत घेतो ती या मेजावरच्या कराराचीच एक प्रत असते.

या व्यवस्थेची कसोटी लागली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. १९९० मध्यें कॅलिफोर्नियांत रॅम्बस नांवाची कंपनी निघाली. ती स्वतः चिपा बनवीत नसे. आपल्या रचनेचा उपयोग करण्याचा परवाना देऊन मोबदला घेत असे. तिची स्मृति वेगवान होती, आणि इंटेलनें तिचा पुरस्कार केला. नोव्हेंबर २००० मध्यें पेंटियम-४ बाजारांत आला तो या स्मृतीसहच. पण ही स्मृति महाग होती. त्या यंत्रांत पट्ट्या जोडीनेंच घालाव्या लागत, आणि मोकळ्या राहिलेल्या खोबण्यांतहि प्रवाह पुढें जावा म्हणून एक रिकामी पट्टी बसवावी लागे. उलट पक्षीं जेडेकनें जून २००० मध्यें ‘डीडीआर’ हें खुलें मानक प्रसिद्ध केलें. ग्राहक व कारखानदार तिकडे वळले, आणि दोन-तीन वर्षांतच खुद्द इंटेलनेंहि रॅम्बसची वाट सोडली. ज्यांनीं मधल्या काळांत तीं यंत्रें घेतलीं त्यांच्या हातीं वाळलेली फांदी राहिली.

प्रकरण एवढ्यावर मिटलें नाहीं. रॅम्बस ही १९९२ पासून १९९६ पर्यंत जेडेकची सभासद होती. पुढें, सर्वांनीं मिळून ठरविलेल्या मानकांतील कांहीं भागांवर आपलें पेटंट आहे असें म्हणून तिनें चिपा बनविणाऱ्यांवर दावे लावले. मेजावर बसून चर्चा ऐकावयाची व आपले हक्क मात्र उघड करावयाचे नाहींत, हें योग्य कीं अयोग्य, यावर अमेरिकन न्यायालयांत वर्षानुवर्षें झगडा चालला. तेथील व्यापार आयोगानें २००६ मध्यें कंपनीविरुद्ध निर्णय दिला. २००८ मध्यें अपील न्यायालयानें तो फिरविला. कायद्याच्या दृष्टीनें कोणाचें बरोबर हा प्रश्न आपण बाजूला ठेवूं. आपणांस यांतून घ्यावयाचा बोध निराळा आहे. खांचेची जागा हा केवळ सुताराच्या मापाचा प्रश्न नव्हे. ती अनेकांच्या परस्परविश्वासावर उभी असते, आणि तो विश्वास डळमळला कीं त्याची किंमत अखेर ग्राहकाच्या पट्टीवर चढते.

डीडीआरपासूनचा वंशवृक्ष मात्र सरळ आहे. पहिल्या डीडीआरच्या पट्टीला १८४ पिना व २.५ व्होल्टचा दाब. २००३ चें मानक डीडीआर-२, पिना २४०, दाब १.८ व्होल्ट. २००७ चें डीडीआर-३, पिना पुन्हां २४०च, पण दाब १.५ व्होल्ट. २०१२ चें डीडीआर-४, पिना २८८, दाब १.२ व्होल्ट. २०२० चें डीडीआर-५, पिना तितक्याच, दाब १.१ व्होल्ट. प्रत्येक पिढींत दाब उतरत गेला, वेग वाढत गेला, आणि खांच सरकत गेली. ती सरकविली याचें कारण आतां ध्यानांत येईल. १.५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला कोणीं चुकून १.८ व्होल्टच्या खोबणींत बसवूं नये, म्हणून ठेवलेला तो पहारेकरी आहे. डीडीआर-२ व डीडीआर-३ या पट्ट्यांची लांबी एक व पिनाहि तितक्याच; नुसत्या नजरेला त्या जुळ्या बहिणी वाटतात. खांच तेवढी निराळी. सर्वांत अधिक फसगत येथेंच होते. पट्टी आंत जात नसेल तर ती दाबून बसविण्याचा यत्न कधींहि करूं नये. ती खांच आपल्या भल्यासाठींच नकार देत असते.

यंत्राच्या वयावरून पिढीचा अंदाज बांधतां येतो. सामान्यतः २००५ ते २००९ या काळांतील घरगुती यंत्रांत डीडीआर-२, त्यानंतर २०१५ पर्यंत डीडीआर-३, आणि त्यापुढें डीडीआर-४ आढळते. पण हा अंदाजच होय, पुरावा नव्हे. डेल कंपनीचे ऑप्टिप्लेक्स ७६० व ऑप्टिप्लेक्स ७८० हे कचेऱ्यांतून पुष्कळ पसरलेले संगणक पाहा. क्रमांक लागोपाठचे आणि काळहि जवळजवळ एकच. तरीपण पहिल्याला डीडीआर-२ लागते व दुसऱ्याला डीडीआर-३. म्हणून यंत्राचें पूर्ण नांव व क्रमांक, आणि सुटे भाग जोडून केलेलें यंत्र असेल तर मदरबोर्डावर छापलेला क्रमांक, हा प्रथम उतरवून घ्यावा, आणि त्या कंपनीची माहितीपुस्तिका पाहावी. पट्टी कोणत्या पिढीची, खोबण्या किती, एका खोबणींत किती व एकंदर किती स्मृति चालेल, हीं चारहि उत्तरें तींत असतात.

पट्टी बसते पण यंत्र सुरू होत नाहीं, हा जो दुसरा प्रकार मी सांगितला त्याचें कारण खांचेंत नसून पत्त्यांत असतें. संगणक प्रत्येक चिपेंतील जागा ओळी व स्तंभ यांच्या क्रमांकांनीं शोधतो. ज्या काळीं यंत्र घडलें त्या काळीं चिपांत जितक्या ओळी असत तितक्याच मोजावयास त्याला शिकविलेलें असतें. पुढें चिपा दाट झाल्या, ओळी वाढल्या. पण जुन्या यंत्राला त्या वाढीव मजल्यांचा पत्ता ठाऊक नाहीं. १९९८ च्या इंटेल ४४०बीएक्स या संचाच्या मदरबोर्डांवर २५६ मेगाबाइटची पट्टी सोळा चिपांची असली तर पूर्ण दिसे, आणि आठ दाट चिपांची असली तर निम्मीच दिसे. दहा वर्षांनीं आलेल्या जी-४१ या संचाची हीच कथा. त्याला चार गिगाबाइटची डीडीआर-३ पट्टी चालते, पण ती दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपांची असावी लागते. नंतरच्या काळांतली आठ दाट चिपांची पट्टी त्याला उमजत नाहीं. म्हणून जुन्या यंत्रासाठीं पट्टी घेतांना केवळ एकंदर आंकडा न पाहतां चिपाहि मोजाव्या.

आणखी दोन सापळे सांगून ठेवतों. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर मोडीत निघाले कीं त्यांच्या पट्ट्या बाजारांत फार स्वस्त मिळतात. ‘रजिस्टर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्या खोबणींत व्यवस्थित बसतात, पण सामान्य घरगुती यंत्र त्यांच्यावर चालत नाहीं. तसेंच डीडीआर-२ च्या कांहीं अतिस्वस्त पट्ट्या ‘केवळ एएमडीसाठीं’ असें सांगून विकल्या जातात. त्यांतील ओळी-स्तंभांची मांडणी निराळी असल्यानें इंटेलच्या यंत्रांत त्या निरुपयोगी ठरतात. स्वस्ताईचें कारण विचारल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

पट्टीवरील चिठ्ठी वाचणें कठीण नाहीं. ‘डीडीआर-२ ८००’ व ‘पीसी-२ ६४००’ हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें आहेत. चौसष्ट बिट म्हणजे आठ बाइट. एका सेकंदांत ऐंशी कोटी वेळां आठ आठ बाइट दिले कीं ६४०० मेगाबाइट होतात. याच हिशेबानें डीडीआर-३ मधील १३३३ ची पट्टी ‘पीसी-३ १०६००’ या नांवानें विकली जाते. वेगाच्या बाबतींत फारशी चिंता नको. त्याच पिढीची अधिक वेगवान पट्टी बहुधा यंत्राच्या वेगानें निमूटपणें चालते, आणि दोन निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र आल्या तर दोघी संथ पट्टीच्या पावलानें चालतात. कारण प्रत्येक पट्टीवर एक लहानशी चिप तिची स्वतःची माहिती घेऊन बसलेली असते व यंत्र सुरू होतांच ती वाचून घेतें. हीच माहिती ‘सीपीयू-झेड’ सारख्या प्रोग्रामनें आपणांसहि पाहतां येते. तेव्हां मूळची पट्टी काढण्यापूर्वींच तिची जात लिहून घ्यावी.

स्मृति किती घ्यावी, यालाहि इतिहासानें घातलेली एक मर्यादा आहे. बत्तीस बिटांच्या पत्त्यानें फार तर ४,२९,४९,६७,२९६ बाइटांपर्यंत पोंचतां येतें. म्हणजे चार गिगाबाइट. त्यांतीलहि कांहीं पत्ते यंत्राचे इतर भाग अडवून ठेवतात. म्हणून बत्तीस बिटांच्या विंडोजवर चार गिगाबाइट घातले तरी बहुधा सव्वातीनाच्या आसपासच हातीं येतात. आठ गिगाबाइट घालण्याआधीं यंत्र चौसष्ट बिटांचें आहे कीं नाहीं व त्यावरील प्रणाली तशी आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. नाहींतर तो खर्च पाण्यांत जातो.

प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचें आहे. यंत्र बंद करून वीजतार काढावी. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् घालवावी. पट्टी कडांना धरून, खांच जुळवून, दोन्ही बाजूंचे खटके आपोआप मिटेपर्यंत सरळ दाबावी. त्यानंतर ‘मेमटेस्ट’ सारखी तपासणी एक रात्रभर चालूं द्यावी. सदोष स्मृति एकदम दगा देत नाहीं. ती लिहिलेला मजकूर गुपचूप बिघडविते, आणि तें नुकसान पट्टीच्या किमतीहून मोठें असतें.

आतां हा सारा उद्योग करावा कीं नवा संगणक आणावा, हा प्रश्न उरतोच. एखादी पिढी मागें पडली कीं कारखाने ती बनविणें कमी करतात, आणि जुनी पट्टी नव्या पट्टीहून महाग पडूं शकते. मदरबोर्डाची मर्यादा आधींच गांठलेली असेल तर नाइलाज आहे. पण डीडीआर-३ व डीडीआर-४ च्या पट्ट्या वापरलेल्या स्थितींत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळतात, आणि स्मृतीच्या पट्टीत झिजणारा असा फिरता भाग नसल्यानें तपासून घेतलेली जुनी पट्टी वर्षानुवर्षें काम देते. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, हिशेब एवढ्यासाठीं पुरेसें असलेलें यंत्र केवळ ओटा लहान पडला म्हणून भंगारांत जावें, हें घराच्या जमाखर्चाच्या दृष्टीनें बरें नव्हे. अशा यंत्रांत शिसें वगैरे विषारी द्रव्यें असूं शकतात. भंगाराच्या ढिगावर तीं जेथें जाळलीं किंवा फोडलीं जातात तेथील माणसांच्या दृष्टीनें तर मुळींच बरें नव्हे.

पंधरा वर्षांपूर्वींच्या यंत्रांत दुसऱ्याच देशांत, दुसऱ्याच कारखान्यांत बनलेली पट्टी आजहि विनातक्रार चालूं शकते, कारण त्या काळीं प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र बसून एक माप ठरविलें व तें पाळलें. तो करार ज्या वर्षाचा, त्याच वर्षाची पट्टी त्या यंत्राला लागते. तेव्हां दुकानांत गेल्यावर सर्वांत नवी स्मृति कोणती हें विचारण्याऐवजीं आपलें यंत्र कोणत्या कराराचें आहे, हें आधीं आपण शोधून जावें; पुढची निवड बहुतेक त्यानेंच झालेली असते.